'टॅपेस्ट्री' : एका दुसऱ्या ध्वनिमुद्रिकेचा पूर्वेतिहास

अमेरिकन लोकप्रिय संगीताच्या इतिहासात १९७१ हे वर्ष एखाद्या सीमारेषेप्रमाणे दाखविण्याचा प्रघात आहे. सीमेच्या अलीकडे न्यू यॉर्कच्या ब्रॉडवेवरील गीतांचा 'कारखाना'. तेथे शब्द लिहिणारा एक, चाल बांधणारा दुसरा आणि गाणारा तिसराच. सीमेच्या पलीकडे कॅलिफोर्नियातील गायक-कवी. तो आपल्या अंतःकरणातील व्यथा आपल्याच शब्दांत आणि आपल्याच कंठाने प्रकट करणारा. १० फेब्रुवारी १९७१ रोजी प्रसिद्ध झालेली कॅरोल किंग ह्यांची 'टॅपेस्ट्री' ही दीर्घ ध्वनिमुद्रिका ह्या दुसऱ्या प्रदेशाची जणू सनदच मानली जाते. कारखान्यातून सुटलेल्या एका स्त्रीला अखेर तिचा स्वतःचा आवाज सापडला, असे ह्या कथेचे तात्पर्य सांगण्यात येते. कथा मनोहर आहे. परंतु ध्वनिमुद्रिकेवर छापलेली गीतकारांची नावे, तीत पियानोला दिलेले स्थान आणि तिच्या मागची दहा-बारा वर्षे तपासून पाहिली, तर ती जशीच्या तशी स्वीकारणे कठीण होते. कारखाना मागे टाकून ही कृती निर्माण झाली नाही. त्या कारखान्यातील अगदी आतल्या, श्रोत्यांच्या कानी कधीच न पडणाऱ्या एका जिनसेला तिने चव्हाट्यावर आणले, असे म्हणणे अधिक यथार्थ ठरेल. ती जिन्नस म्हणजे 'डेमो'.

प्रथम एका संज्ञेचा विचार केला पाहिजे. शब्द रचणे, चाल बांधणे आणि गाणे ही तिन्ही कर्मे एकाच व्यक्तीकडे असणे ह्यासाठी इंग्रजीत जो जोडशब्द रूढ आहे, त्याला मराठीत सर्वमान्य प्रतिशब्द नाही. मात्र देवगिरीच्या यादवांच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात 'संगीतरत्नाकरा'त वाग्गेयकाराचे लक्षण सांगितले आहे, ते येथे उपयोगी पडते. वाक् म्हणजे शब्द, त्याला तो मातु म्हणतो. गेय म्हणजे स्वररचना, तिला तो धातु म्हणतो. ही दोन्ही रचणारा तो वाग्गेयकार. गायकाची लक्षणे त्याने वेगळी दिली आहेत. ब्रॉडवेवरील गीतव्यवसायाला हा भेद न सांगता मान्य होता, इतका तो तेथे रोजच्या कामाचा होता. आणि ह्या कसोटीने पाहता १९६० ते १९७० ह्या दशकातील कॅरोल किंग ह्यांना वाग्गेयकार म्हणता येत नाही. त्या धातुकार होत्या.

९ फेब्रुवारी १९४२ रोजी न्यू यॉर्क येथे जन्मलेल्या आणि ब्रुकलिनमध्ये वाढलेल्या कॅरोल क्लाइन ह्यांना पियानोचे पहिले धडे आईकडून मिळाले. क्वीन्स कॉलेजात त्यांची जेरी गॉफिन ह्यांच्याशी गाठ पडली. त्याच कॉलेजातील पॉल सायमन ह्यांच्याबरोबर त्या दिवसांत त्यांनी काही डेमोही मुद्रित केले. १९५९ मध्ये किंग आणि गॉफिन ह्यांचा विवाह झाला आणि लवकरच दोघेही 'ऑल्डन म्युझिक' ह्या प्रकाशनसंस्थेच्या नोकरीत शिरले. अल् नेव्हिन्स आणि डॉन कर्शनर ह्यांनी १९५८ मध्ये काढलेल्या ह्या संस्थेचे कार्यालय १६५०, ब्रॉडवे येथे होते. ह्या साऱ्या संप्रदायाला 'ब्रिल बिल्डिंग'चे नाव चिकटले असले, तरी ती इमारत १६१९ क्रमांकाची, समोरच्या अंगाला थोडी पुढे. सोयीच्या नावांनी इतिहासात असे किरकोळ अपघात नेहमीच होतात. ऑल्डनमध्ये लहान लहान खोल्या होत्या आणि त्यांत एकेक पियानो. शेजारच्या खोलीत बॅरी मान आणि सिंथिया वाइल हे दुसरे दांपत्य त्याच गायकासाठी दुसरे गाणे जुळवीत बसलेले असावयाचे. शब्द गॉफिन ह्यांचे, चाल किंगबाईंची, अशी वाटणी ठरून गेलेली होती.

तयार झालेले गाणे कागदावर लिहून गायकाकडे पाठविण्यापेक्षा त्याचे साधेसे मुद्रण करून ऐकविणे अधिक परिणामकारक असते. ह्या नमुना-मुद्रणालाच व्यवसायात डेमो म्हणत. किंगबाईंचे डेमो ह्या बाबतीत विशेष नावाजलेले होते. पियानोवरील साथीतच वाद्यमेळाची सारी आखणी सूचित झालेली असे. ध्वनिमुद्रण करणाऱ्यांना बहुधा तीच उचलून विस्तारण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नसे. शिरेल्स ह्या न्यू जर्सीतील चार कृष्णवर्णीय मुलींच्या वृंदाने १९६० मध्ये गायिलेल्या 'विल यू लव्ह मी टुमॉरो' ह्या गीताचा तंतुवाद्यमेळही त्यांनीच लिहिला. ते गीत जानेवारी १९६१ मध्ये अमेरिकेच्या लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. तेथवर जाणारा कृष्णवर्णीय तरुणींचा तो पहिलाच वृंद होता. त्या वेळी किंगबाईंचे वय अठरा वर्षांचे होते आणि घरी तान्ही मुलगी होती. पुढच्याच वर्षी त्यांच्या घरी मुले सांभाळणाऱ्या ईव्हा बॉइड ह्या तरुणीने, 'लिट्ल ईव्हा' ह्या नावाने, त्यांचेच 'द लोको-मोशन' गायिले. तेही अग्रस्थानी गेले.

ह्याच १९६२ सालातील एक घटना इतिहासकारांनी बहुधा तळटीपेत ढकलली आहे. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व मोठे आहे. बॉबी व्ही ह्या गायकासाठी रचलेल्या 'इट माइट अ‍ॅज वेल रेन अंटिल सप्टेंबर' ह्या गीताचा किंगबाईंच्या आवाजातील डेमोच बाजारात आणला गेला. अमेरिकेत तो बाविसाव्या स्थानापर्यंत आणि ब्रिटनमध्ये थेट तिसऱ्या स्थानापर्यंत चढला. म्हणजे गीत बांधणाऱ्या स्त्रीचा साधा, अनलंकृत आवाज श्रोत्यांना चालतो, ह्याचा पुरावा 'टॅपेस्ट्री'च्या जवळजवळ नऊ वर्षे आधी उपलब्ध होता. त्यानंतरची त्यांची एकेरी गीते मात्र पडली आणि त्या पुन्हा दुसऱ्यांसाठी चाली बांधू लागल्या. पुरावा होता, तो वाचावयास कोणी बसले नाही.

१९६३ मध्ये ऑल्डन संस्था कोलंबिया पिक्चर्सच्या मालकीच्या 'स्क्रीन जेम्स'कडे गेली आणि १९६४ मध्ये बीटल्स अमेरिकेत अवतरले. ह्या मंडळींनी आपल्या पहिल्याच दीर्घ ध्वनिमुद्रिकेत गॉफिन-किंग ह्यांचे 'चेन्स' गायिले होते. परंतु स्वतःची गीते स्वतः रचण्याचा जो पायंडा त्यांनी पाडला, त्याने गॉफिन-किंगसारख्यांच्या धंद्याचा पाया ढासळला. काम बंद पडले असे नव्हे. 'अ नॅचरल वूमन' हे गीत ऑरीथा फ्रँक्लिन ह्यांनी १९६७ मध्ये गायिले, ते ह्याच उतारकाळातील. पण एकेकाळी जी व्यवसायाची रीतच होती, ती आता 'कारखाना' म्हणून हिणविली जाऊ लागली. १९६८ मध्ये दांपत्य विभक्त झाले. दोन मुलींना घेऊन किंगबाई लॉस एंजेलिसच्या लॉरेल कॅन्यन ह्या डोंगराळ वस्तीत राहावयास गेल्या.

तेथे त्यांना जो ध्वनिमुद्रिका-निर्माता भेटला तो पूर्वपरिचित होता, ही गोष्ट सीमारेषेच्या कथेत सहसा येत नाही. ल्यू अ‍ॅडलर हे पूर्वी ऑल्डनच्याच पश्चिम किनाऱ्यावरील कार्यालयाचे प्रमुख होते. किंगबाईंचे डेमो त्यांनी वर्षानुवर्षे ऐकले आणि जपून ठेवले होते. त्यांच्या 'ओड' ह्या संस्थेने १९६८ मध्ये किंग, डॅनी कॉर्चमार आणि चार्ल्स लार्की ह्यांच्या 'द सिटी' ह्या त्रयीची एक ध्वनिमुद्रिका काढली. किंगबाईंना रंगमंचाची भीती वाटे, त्यामुळे त्रयी दौऱ्यावर गेली नाही आणि ध्वनिमुद्रिका विस्मृतीत गेली.

१९७० मध्ये आलेल्या, एकट्या किंगबाईंच्या नावाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेला 'रायटर' म्हणजे 'लेखिका' असे नाव होते. येथे एक साधी मोजणी बोलकी ठरते. तिच्यातील बारा गीतांपैकी दहांचे शब्द गॉफिन ह्यांचे आणि उरलेल्या दोहोंचे टोनी स्टर्न ह्या तरुण कवयित्रीचे. 'लेखिका' ह्या नावाखाली लेखिकेचे स्वतःचे एकही पद नाही. ध्वनिमुद्रणाची धुरा जॉन फिशबाख ह्यांच्याकडे होती. पियानो सर्वत्र आहे, परंतु तो वाद्यवृंदातील एक वाद्य म्हणून. ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी जवळजवळ कोणीच घेतली नाही.

'रायटर' आणि 'टॅपेस्ट्री' ह्यांच्या दरम्यान काय घडले, हा खरा प्रश्न आहे. उत्तराचा एक भाग जेम्स टेलर ह्यांच्याकडे जातो. त्यांच्या 'स्वीट बेबी जेम्स' (१९७०) ह्या ध्वनिमुद्रिकेत किंगबाईंनी पियानो वाजविला होता. पुढे त्या त्यांच्या मैफलींतही साथीला बसू लागल्या. अशाच एका कार्यक्रमात, आणि तोही योगायोगाने क्वीन्स कॉलेजात, टेलर ह्यांनी त्यांना अचानक पुढे करून 'अप ऑन द रूफ' गावयास लावले. पियानोच्या आडोशाने, दुसऱ्याच्या मैफलीत, एखादे गाणे म्हणणे ही गोष्ट भित्र्या कलावतीस पेलण्याजोगी होती. दुसरे कारण शब्दांचे. गॉफिन तीन हजार मैलांवर नसले तरी सहजीवनातून दूर झालेले होते. आता चालीसाठी शब्द हवे असतील तर ते स्टर्न ह्यांच्याकडून घ्यावयाचे किंवा स्वतः लिहावयाचे. 'टॅपेस्ट्री'तील मोजणी अशी : बारांपैकी सात गीतांचे शब्द आणि चाल दोन्ही किंगबाईंचे, दोन स्टर्न ह्यांच्यासह, तीन गॉफिन ह्यांच्यासह. एका वर्षात शून्यावरून सातावर. शार्ङ्गदेवाच्या अर्थाने वाग्गेयकार होण्याची क्रिया ह्या बारा महिन्यांत झाली, आणि रूढ कथेतील जेवढा भाग खरा आहे तो एवढाच.

जानेवारी १९७१ मध्ये हॉलिवुडमधील ए अँड एम् ह्या संस्थेच्या ध्वनिमुद्रणगृहात काम झाले. ही जागा मूळची चार्ली चॅप्लिन ह्यांच्या चित्रपटशाळेची. ध्वनिमुद्रक हँक सिकॅलो होते. वादक बहुतेक मित्रपरिवारातले : कॉर्चमार, बासवर लार्की (ते आता किंगबाईंचे पती होते), तालवाद्यांवर रस कंकेल आणि जोएल ओब्रायन, सॅक्सोफोन व बासरीवर कर्टिस एमी. त्याच वास्तूत त्याच वर्षी जोनी मिचेल आपली 'ब्लू' ही ध्वनिमुद्रिका मुद्रित करीत होत्या. 'विल यू लव्ह मी टुमॉरो'च्या नव्या गायनात मागचा स्वर त्यांचा आणि टेलर ह्यांचा आहे.

निर्मात्याचे धोरण स्पष्ट होते. अ‍ॅडलर ह्यांनी पुढे अनेकदा सांगितल्याप्रमाणे त्यांना ती जुन्या डेमोंची जवळीक हवी होती. किंगबाई पियानोशी बसून गात आहेत आणि ऐकणारा त्याच खोलीत आहे, असा भास झाला पाहिजे. म्हणून बाकीची वाद्ये पियानोभोवती, त्याच्या परवानगीने वावरतात. 'आय फील द अर्थ मूव्ह'चा आरंभ डाव्या हाताच्या ठोक्यांनी होतो आणि तालवाद्य त्या ठोक्यांना येऊन मिळते. 'यू हॅव्ह गॉट अ फ्रेंड'मध्ये टेलर ह्यांची गिटार आणि तंतुवाद्यांचे चतुष्टय आहे. अखेरच्या 'अ नॅचरल वूमन'मध्ये तर पियानो आणि लार्की ह्यांचा उभा बास ह्यांखेरीज काहीही नाही. ऑरीथा फ्रँक्लिन ह्यांच्या भरगच्च, प्रार्थनामंदिराच्या परंपरेत घडलेल्या गायनानंतर चार वर्षांनी हे गीत जणू मागे जाऊन आपल्या नमुन्याच्या अवस्थेत पोहोचते. त्या काळी गायक-कवीचे वाद्य म्हणजे गिटार, असाच समज होता. डिलन, मिचेल, टेलर सारे गिटारवाले. पियानो हा त्यामानाने 'व्यवसायिका'चा, चाली बांधून देणाऱ्याचा. किंगबाईंनी त्या वाद्याची ओळख लपविली नाही.

आवाजाचाही विचार ह्याच दिशेने करावयास हवा. त्यांचा कंठ फार मोठ्या पल्ल्याचा नाही, थोडा खरबरीत आहे, न्यू यॉर्कचे वळण त्यातून गेलेले नाही. ह्या गुणांचे वर्णन 'प्रामाणिकपणा' असे करण्यात येते. ते वर्णन चुकीचे नसले तरी अपुरे आहे. डेमो गाणाऱ्याला एक शिस्त पाळावी लागते : चाल स्वच्छ दिसली पाहिजे, शब्द कळले पाहिजेत, आणि पुढे जो हे गीत गाणार आहे त्याला अडचण होईल असे कोणतेही अलंकरण त्यात नको. दहा वर्षे ही शिस्त अंगी मुरलेला आवाज दुसऱ्यासाठी जागा मोकळी ठेवूनच गातो. १९७१ मध्ये ती मोकळी जागा एखाद्या नामांकित गायकाऐवजी घरोघरच्या श्रोत्याने घेतली. ही गीते ऐकणाऱ्याला म्हणावीशी वाटतात, त्याचे कारण प्रथम कारागिरीत शोधले पाहिजे, मग आत्मनिवेदनात.

आत्मनिवेदनाच्या बाबतीत तर विशेष सावधगिरी हवी. मोडलेल्या सहजीवनाचा शांत कबुलीजबाब म्हणून जे 'इट्स टू लेट' सर्वांत अधिक उद्धृत केले जाते, त्याचे शब्द किंगबाईंचे नव्हेत, स्टर्न ह्यांचे आहेत. स्त्रीच्या आत्मानुभूतीचे गीत म्हणून गाजलेल्या 'अ नॅचरल वूमन'चे शब्द गॉफिन ह्यांचे आणि शीर्षकाची कल्पना जेरी वेक्सलर ह्या निर्मात्याची, दोघेही पुरुष. ह्यावरून ही गीते खोटी ठरत नाहीत. परंतु ती सरळ अंतःकरणातून उमटली असे म्हणणे म्हणजे त्यांमागील श्रम पुसून टाकणे होय. आणि स्त्रीच्या बाबतीत हे पुसणे फार सहज घडते. पुरुष संगीतकाराला शैली असते, स्त्रीला भावना असतात, ही विभागणी समीक्षकांनी नकळत पत्करलेली दिसते. जिने अठराव्या वर्षी तंतुवाद्यमेळ लिहिला, तिची एकोणतिसाव्या वर्षीची सफाई हा उत्स्फूर्ततेचा चमत्कार कसा ठरावा?

तथापि अनुभवाने अर्थ बदलतो, हेही तितकेच खरे, आणि त्याचा पुरावा 'विल यू लव्ह मी टुमॉरो'च्या पुनर्गायनात आहे. शिरेल्सच्या तोंडी ते तरुण मुलीचे, एका रात्रीपुरते भय होते. लय नाचती होती. १९७१ मध्ये लय संथ झाली. शब्द तेच, चाल तीच, परंतु प्रश्न विचारणारी स्त्री आता दोन मुलींची आई असून ज्याने ते शब्द लिहिले त्याच्यापासून ती विभक्त झालेली आहे. गीताचा कर्ता आणि गीताचा अनुभविता ह्यांतील अंतर येथे ज्या रीतीने मिटते, तसे नव्या सात गीतांतही मिटत नाही. संपूर्ण ध्वनिमुद्रिकेतील हे सर्वांत मोलाचे स्थळ होय, असे मानण्यास जागा आहे.

मुखपृष्ठावरील छायाचित्र जिम मॅक्क्रेरी ह्यांनी लॉरेल कॅन्यनमधील घरी घेतले : खिडकीशी बसलेल्या अनवाणी किंगबाई, हातात स्वतः केलेले भरतकाम, पुढ्यात मांजर. मांजराचे नाव टेलेमॅकस. ग्रीक कथेतील टेलेमॅकस हा विणलेले पुन्हा उसवणाऱ्या पेनेलोपीचा पुत्र. हा योगायोग रम्य असला तरी त्यावर अर्थाचा डोलारा उभारू नये.

किंगबाईंच्या एकोणतिसाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली. पहिले दोन महिने विशेष गाजावाजा नव्हता. जेम्स टेलर ह्यांचे चित्र १ मार्च १९७१ च्या 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर झळकले, त्या वसंतातील त्यांच्या दौऱ्यात किंगबाई आरंभी गात असत. एप्रिलमध्ये 'आय फील द अर्थ मूव्ह' आणि 'इट्स टू लेट' ही एकाच तबकडीच्या दोन बाजू म्हणून निघाली. १८ जून रोजी न्यू यॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये किंगबाईंचा स्वतंत्र कार्यक्रम झाला. १९ जूनच्या यादीत तबकडी आणि दीर्घ ध्वनिमुद्रिका दोन्ही अग्रस्थानी होत्या. तबकडी तेथे पाच आठवडे राहिली, 'टॅपेस्ट्री' सलग पंधरा आठवडे. यादीत ती १९७७ पर्यंत टिकून होती. मार्च १९७२ मध्ये ग्रॅमी पारितोषिकांपैकी वर्षातील सर्वोत्तम दीर्घ ध्वनिमुद्रिका, ध्वनिमुद्रण आणि गीत ही तिन्ही, शिवाय गायिकेचे चौथे, ह्या एकाच कृतीच्या वाट्यास आली. पारितोषिक घेण्यास किंगबाई गेल्या नाहीत. घरी डिसेंबरमध्ये जन्मलेली तिसरी मुलगी होती. २००३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण-सूचीत तिचा समावेश केला.

ह्या आकड्यांपेक्षा वेगळ्या प्रकारची एक नोंद अधिक अर्थपूर्ण आहे. प्रसिद्धीनंतर वर्ष सरण्याच्या आतच ध्वनिमुद्रिकेतील गीते दुसऱ्यांनी उचलली. टेलर ह्यांचे 'यू हॅव्ह गॉट अ फ्रेंड' जुलैअखेर अग्रस्थानी गेले. रॉबर्टा फ्लॅक आणि डॉनी हॅथवे ह्यांनीही ते त्याच वर्षी गायिले. बार्ब्रा स्ट्रायसँड ह्यांनी आपल्या १९७१ च्या एकाच ध्वनिमुद्रिकेत 'टॅपेस्ट्री'तील तीन गीते घेतली. म्हणजे लक्षावधी प्रती खपत असतानाही ह्या मुद्रणाचे जुने काम थांबलेले नव्हते. ते अजूनही गायकांपुढे ठेवलेला नमुनाच होते.

त्या तिहींपैकी 'व्हेअर यू लीड' ह्या गीताचे पुढचे चरित्र काहीसे निराळे आहे. पुरुषाच्या मागोमाग जाण्याची त्यातील भूमिका पुढील काळात किंगबाईंनाच अडचणीची वाटू लागली आणि त्यांनी ते गाणे सोडून दिले. २००० मध्ये 'गिलमोर गर्ल्स' ह्या आई आणि मुलीच्या दूरचित्रवाणी मालिकेसाठी ते पुन्हा मुद्रित झाले, तेव्हा शब्दांत फेरफार करण्यात आला आणि प्रियकराच्या जागी मुलगी आली. त्या मुद्रणात किंगबाईंबरोबर गायिलेली लुईझ गॉफिन ही १९६० मध्ये, शिरेल्सचे गीत रचले गेले त्या वर्षी जन्मलेली त्यांची थोरली मुलगी होय.